बेडकाचा एक स्नायू झटका देऊन सैल होतो, दुसरा धरून ठेवतो: हा फरक कुठून येतो?

प्रश्न असा आहे. फिजिऑलॉजीच्या आलेखात बेडकाच्या पोटरीचा स्नायू, म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस, एका विद्युत झटक्याला साधारण ०.१ सेकंदात आकुंचन पावून पुन्हा सैल होतो. फार्माकॉलॉजीत त्याच बेडकाच्या पोटावरचा रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस अ‍ॅसिटिलकोलीन (चेतेतून सुटणारे, स्नायूला हुकूम देणारे रसायन) दिल्यावर दीड मिनिट चढतच राहतो आणि धुतल्यानंतरही उतरायला वेळ लावतो. दोन्ही स्नायू पट्टेदार, दोन्ही ऐच्छिक. मग हा लाल आणि पांढऱ्या तंतूंचा फरक आहे का?

नाही. लाल-पांढरा हा भेद नंतर येतो. बेडकात त्याच्याआधी एक मोठी फारकत आहे: काही तंतू ट्विच जातीचे (झटका देऊन सैल होणारे) असतात, काही टॉनिक जातीचे (ताण धरून ठेवणारे). ट्विच तंतूंत पुन्हा पांढरे, मधले आणि लाल असे उपप्रकार पडतात. सस्तन प्राण्यांच्या पुस्तकात ‘स्लो ट्विच’ म्हणून जे तंतू वाचले, ते आणि बेडकाचे ‘स्लो’ तंतू एकच समजले की पुढचे सगळे गणित चुकते. माणसाच्या पोटरीतला सोलियस हळू असला तरी प्रत्येक आवेगाला पूर्ण अ‍ॅक्शन पोटेन्शियल (तंतूभर धावणारा विद्युत आवेग) देतो आणि झटक्यानेच आकुंचन पावतो. बेडकाचा टॉनिक तंतू अ‍ॅक्शन पोटेन्शियल देतच नाही. फरक वेगाचा आहेच, पण मुळात हुकूम पोचवण्याची पद्धतच वेगळी आहे.

ट्विच तंतूपासून सुरुवात करू. विश्रांतीत त्याच्या पटलावर, म्हणजे पेशीच्या आवरणावर, सुमारे −९० मिलिव्होल्ट विभव असते. जाड, वेगवान मोटर अ‍ॅक्सॉन त्याला एक-दोन ठिकाणीच भेटतो. तिथे अ‍ॅसिटिलकोलीन सुटले की एंडप्लेट पोटेन्शियल (चेता-स्नायू सांध्यावर उठणारे विभव) उंबरठा ओलांडतो आणि सर्व-किंवा-काहीच-नाही या नियमाचा अ‍ॅक्शन पोटेन्शियल तंतूच्या दोन्ही टोकांकडे धावत जातो, २० अंशांच्या आसपास सेकंदाला साधारण दीड-दोन मीटर वेगाने. टॉनिक तंतूचे विश्रांती विभव कमी, साधारण −६० मिलिव्होल्टच्या घरात. बारीक अ‍ॅक्सॉनची टोके त्याच्यावर लांबीभर ठिकठिकाणी द्राक्षांच्या घोसासारखी चिकटलेली असतात. प्रत्येक टोकाशी लहानसे विभव उठते आणि जागच्या जागी विरते. एका आवेगाने ताण जवळजवळ काहीच येत नाही. आवेगांची माळ आली की ही लहान विभवे एकमेकांवर चढतात, पटलाचे विभव हळूहळू घसरते आणि ताण त्या प्रमाणात वाढतो. देवळावरच्या एका भोंग्याने अख्ख्या वाड्याला बातमी कळते, ती झाली ट्विचची रीत. टॉनिकमध्ये माणूस घरोघर जाऊन सांगतो, आणि जितकी घरे झाली तितकीच बातमी पसरते.

हे विद्युत अंग कुफलर आणि व्हॉन विल्यम्स यांनी १९५३ साली सूक्ष्म इलेक्ट्रोडने नीट दाखवले. त्याआधी १९२८ मध्ये सोमरकाम्प यांनी बेडकाच्या स्नायूंत अ‍ॅसिटिलकोलीनला टिकाऊ आकुंचन देणारा भाग ठरावीक जुडग्यातच असतो, हे दाखवून दिले होते. त्याला अजूनही टोनस जुडगा म्हणतात. इलिओफिब्युलॅरिस या मांडीच्या स्नायूमध्ये हा जुडगा स्पष्ट वेगळा काढता येतो, म्हणून संशोधकांचा तो लाडका स्नायू. सार्टोरियस या मांडीच्या दुसऱ्या स्नायूमध्ये टॉनिक तंतू नाहीत. त्यामुळेच ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये ० अंशाला स्नायूची उष्णता आणि वेग मोजले तेव्हा सार्टोरियस घेतला ते सोयीचे ठरले; तिथे मिश्रण नाही. गॅस्ट्रोक्नेमियस बहुतांश ट्विचचा, पण एक लहान टॉनिक भाग त्यातही आहे. रेक्टस अ‍ॅब्डोमिनिसमध्ये टॉनिक तंतूंचा वाटा मोठा. तुमच्या दोन आलेखांतला निम्मा फरक इथेच सुटतो.

उरलेला निम्मा फरक तंतूच्या पोटात आहे. ट्विच तंतूत पटलाच्या आत जाणाऱ्या टी-नलिका प्रत्येक झेड रेषेपाशी (तंतूतल्या एकेका आकुंचन-घटकाच्या, म्हणजे सार्कोमिअरच्या, सीमेपाशी) असतात. सस्तन प्राण्यांत त्या ए (गडद) आणि आय (फिकट) पट्ट्यांच्या सीमेवर असतात. परीक्षेत आकृती काढताना ही चूक हमखास होते, कारण पुस्तकातली आकृती बहुधा सस्तन प्राण्याची असते. हक्सली आणि टेलर यांनी १९५८ मध्ये बेडकाच्या तंतूच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी बारीक पिपेट टेकवून तेवढ्याच जागी विद्युत उद्दीपन दिले. झेड रेषेसमोरच्या ठरावीक ठिपक्यांनाच आकुंचन आले. बेडकाचे ट्विच तंतू बरेच जाड, १०० मायक्रोमीटरच्या आसपासही असतात. पृष्ठभागावर सुटलेला पदार्थ एवढ्या आत झिरपून काही मिलिसेकंदांत पोचणे शक्य नाही, म्हणून विद्युत संदेश नलिकांतून आत नेणे भाग आहे. आत तो सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमचे, म्हणजे तंतूतल्या कॅल्शियमच्या कोठाराचे, कॅल्शियम सोडवतो, आणि तेच रेटिक्युलम तितक्याच चपळाईने ते परत ओढून घेते. झटका ०.१ सेकंदात संपतो तो या परत ओढण्यामुळे.

टॉनिक तंतूत टी-नलिका तुरळक आणि अनियमित. पीची आणि हक्सली यांनी १९६२ मध्ये एकेक तंतू सोडवला, आधी तो झटका देतो की नाही हे तपासले आणि मग तोच तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातला. झटका न देणाऱ्या तंतूंत एम रेषा (सार्कोमिअरच्या मधली रेघ) नव्हती, झेड रेषा वाकडीतिकडी होती, मायोफायब्रिल (तंतूच्या आतले बारीक धागे) एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत होते. आडव्या छेदात ट्विच तंतू सुट्या ठिपक्यांचा दिसतो, टॉनिक तंतू मोठ्या, सलग ढेपांचा. शिवाय टॉनिकचा मायोसिन (ताण निर्माण करणारे प्रथिन) वेगळा: शेजारच्या तंतुकांना धरून ओढणारे त्याचे पूल सावकाश जुळतात आणि सावकाश सुटतात. पूल जितका वेळ जुळलेला राहील तितका एका एटीपीमध्ये ताण जास्त वेळ टिकतो. वेग गेला, पण धरून ठेवणे स्वस्त झाले.

या स्वस्ताईचा उपयोग पाहायचा तर आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरींनंतरचे शेत पुरे. भारतीय बुलफ्रॉगचा नर तेव्हा पिवळाधमक होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या होतात, आणि मादीच्या काखेत पुढचे पाय घालून तो तासन्‌तास चिकटून राहतो. नराच्या पुढच्या पायांतले मिठी मारणारे स्नायू, उदाहरणार्थ फ्लेक्सर कार्पी रेडिआलिस, मादीपेक्षा मोठे असतात आणि नर संप्रेरकांवर पोसले जातात. अशी पकड टॉनिक तंतूंना परवडते. तोच नर ओरडतो तेव्हा गळ्याच्या पिशवीत हवा ढकलणारे काम धडाच्या बाजूच्या स्नायूंचे असते. तिथे टॉनिक चालत नाही. ट्विचच लागतो, पण मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला, न थकणारा. आणि माणूस जवळ आला की उडी मारतो ती मांडीच्या मोठ्या, पांढऱ्या ट्विच तंतूंवर. एकाच प्राण्याच्या एका रात्रीत तिन्ही प्रकार कामाला लागतात.

उडीबद्दल एक नेमकी गोष्ट. गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी १९६६ मध्ये बेडकाच्या एकेका ट्विच तंतूवर लांबी आणि ताणाचा आलेख काढला: सार्कोमिअर २.० ते २.२५ मायक्रोमीटर असताना ताण सर्वाधिक, ३.६५ च्या आसपास शून्य. पुढे लुट्झ आणि रोम यांनी १९९४ मध्ये उडी मारणाऱ्या बेडकाच्या सेमिमेम्ब्रॅनोसस या मांडीच्या स्नायूची लांबी मोजली. स्नायू उडीभर याच सपाट भागाच्या आसपास राहतो आणि ज्या वेगाला शक्ती सर्वाधिक मिळते त्याच वेगाने आखडतो. रेक्टस स्नायू टांगताना ‘नैसर्गिक लांबी’ राखा असे जे सांगतात त्यामागचे कारणही हेच. जास्त ताणलेला स्नायू कमी उंचीचा आलेख देतो आणि विद्यार्थी औषधाला दोष देतो.

आता ट्विचच्या आतले प्रकार. स्मिथ आणि ओव्हॅले यांनी १९७३ मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकात पाच प्रकार मांडले: १, २, ३ ट्विच आणि ४, ५ टॉनिककडचे. प्रकार १ सगळ्यात जाड, सगळ्यात वेगवान, मायटोकॉन्ड्रिया कमी, लवकर थकणारा. प्रकार ३ बारीक, मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला, ट्विचमध्ये सगळ्यात सावकाश, पण चिवट. २ मधला. तुमचा लाल-पांढरा भेद हा १ ते ३ मधला, आणि तिघेही अ‍ॅक्शन पोटेन्शियल देतात. प्रकार क्रमांक सस्तन प्राण्यांच्या टाइप १ आणि टाइप २ शी उलटे आहेत हे लक्षात ठेवा: माणसात १ म्हणजे सावकाश, झेनोपसमध्ये १ म्हणजे सर्वांत वेगवान. सारणी उतरवताना यात गोंधळ करू नका.

मग प्रयोगात हे ओळखायचे कसे? तीन कसोट्या आहेत. पहिली एका झटक्याची. सायॅटिक चेतेला (मांडीतून पोटरीकडे जाणाऱ्या) ०.१ ते ०.२ मिलिसेकंदाचा एकच पल्स द्या. ट्विच तंतूंचा पूर्ण झटका मिळतो: सुप्त काळ सुमारे १० मिलिसेकंद, आकुंचन ४०, प्रसरण ५०. यातला सुप्त काळ पुस्तकी आकडा आहे. त्यात चेतेतला प्रवास, एंडप्लेटवरचा उशीर आणि मुख्य म्हणजे आलेख काढणाऱ्या लिव्हरचे जडत्व मोजले जाते. स्नायूचा खरा सुप्त काळ दोन-तीन मिलिसेकंदांचाच. टॉनिक तंतू एका पल्सला आलेखावर दिसेल असे काहीच करत नाही. मग पल्सची माळ द्या. सेकंदाला २५-३० पल्सला गॅस्ट्रोक्नेमियसचे झटके मिसळून सलग टिटॅनस होतो आणि माळ थांबताच रेघ कोसळते. टॉनिक तंतू भरपूर असतील तर ताण सेकंदागणिक चढतो आणि माळ थांबल्यावर शेपटी ओढत उतरतो.

इथे एक अडचण आहे जी प्रात्यक्षिक वहीत सहसा नसते. ट्विचला जाणारे अ‍ॅक्सॉन जाड, सेकंदाला साधारण ८ ते ४० मीटर वेगाचे. टॉनिकला जाणारे बारीक, २ ते ८ मीटरचे. जाड अ‍ॅक्सॉन कमी व्होल्टेजला पेटतात. म्हणजे तुम्ही सबमॅक्सिमल (अपुरा) पल्स दिलात तर फक्त ट्विच चालू होतात, आणि सुप्रामॅक्सिमल (पुरेशाहून जास्त) दिलात तर दोन्ही, पण ट्विचच्या मोठ्या झटक्यात टॉनिकचा हिस्सा बुडून जातो. म्हणूनच सायॅटिक-गॅस्ट्रोक्नेमियसच्या नेहमीच्या आलेखावरून बेडकात टॉनिक तंतू आहेत हे कुणालाच कळत नाही. कुफलरसारख्यांना बारीक अ‍ॅक्सॉन वेगळे उद्दीपित करण्यासाठी जाड अ‍ॅक्सॉन रोखण्याच्या युक्त्या कराव्या लागल्या.

दुसरी कसोटी पोटॅशियमची. रिंगर द्रावणातले (स्नायू जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यातले) पोटॅशियम साधारण २ मिलिमोलचे १०० मिलिमोलवर नेले की पटल विभव कोसळते (पटल विध्रुवित होते) आणि दोन्ही जातींत कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे आवेगाशिवायचे आकुंचन, येते. ट्विच तंतू ताण चढवतो, पण पटल अजूनही विध्रुवित असतानाच काही सेकंदांत आपोआप सैल होतो. हॉजकिन आणि होरोविक्झ यांनी १९६० मध्ये एकेका तंतूवर हे मोजले. ताणाचा उंबरठा सुमारे −५० मिलिव्होल्टला लागतो. टॉनिक तंतू मात्र पोटॅशियम असेपर्यंत मिनिटामागून मिनिट ताण धरून ठेवतो. या कसोटीला बारीक स्नायू घ्यावा लागतो. जाड गॅस्ट्रोक्नेमियस पोटॅशियममध्ये बुडवलात तर आतल्या तंतूंपर्यंत द्रावण पोचेस्तोवर बाहेरचे सैल झालेले असतात, आणि अर्धवट आलेख पाहून ट्विचला टॉनिक समजण्याची चूक होते.

तिसरी कसोटी अ‍ॅसिटिलकोलीनची, तीच तुमच्या फार्माकॉलॉजीची. ट्विच तंतूवर अ‍ॅसिटिलकोलीन फक्त एंडप्लेटच्या एक-दोन जागी लागू पडते. ते सुटून राहिले तर तिथला भाग विध्रुवित राहतो, आजूबाजूचे सोडियम मार्ग बंद पडतात आणि काही आवेगांनंतर तंतू गप्प होतो. टॉनिक तंतूवर ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटते ती जागा) ठिकठिकाणी विखुरलेले. अ‍ॅसिटिलकोलीनच्या संहतीच्या प्रमाणात सगळीकडे विभव घसरते, त्याच प्रमाणात ताण येतो. म्हणून रेक्टस अ‍ॅब्डोमिनिसवर मात्रा दुप्पट केली की उंची पायरीपायरीने वाढते आणि बायोअ‍ॅसे (स्नायूच्या प्रतिसादावरून औषधाची मात्रा मोजणे) जमतो. गॅस्ट्रोक्नेमियसवर असा आलेख काढायचा प्रयत्न केला तर वाया जाईल.

हा बायोअ‍ॅसे जुन्या पद्धतीने कसा मांडत, ते नीट माहीत असले की संगणकावरचा आलेखही समजतो. बेडकासाठी रिंगर १ लिटर करायला सोडियम क्लोराइड ६.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१४, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.१२, सोडियम बायकार्बोनेट ०.२, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०१ आणि ग्लुकोज २ ग्रॅम. ऊर्ध्वपातित पाण्यात बाकी सगळे विरघळवून, कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यांत शेवटी, ढवळत, थोडे थोडे घालावे. नाहीतर बायकार्बोनेटबरोबर पांढरा साका बसतो आणि कॅल्शियम द्रावणातून जाते. डायहायड्रेटची बाटली असेल तर ०.१२ ऐवजी ०.१६ ग्रॅम घ्या. आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर कॅल्शियम क्लोराइडची बाटली दोनदा उघडली की ते पाणी पिऊन ओले होते, आणि तराजूवर तुम्ही पाणीच मोजत राहता. कॅल्शियम कमी पडले की स्नायू आपोआप फडफडू लागतो, आणि औषधाशिवाय रेघ वरखाली होते. यावर सोपा उपाय: नव्या, बंद बाटलीतून एकदाच मोलर द्रावण करून ठेवणे आणि त्यातून मोजून घेणे. ०.९ टक्के सलाईन कधी वापरू नये. ते सस्तन प्राण्याचे. बेडकाचा स्नायू त्यात पाणी गमावून आकसतो.

पोटावरचे दोन रेक्टस स्नायू उरोस्थीपासून जघनास्थीपर्यंत जातात, मध्यरेषेवर वेगळे होतात. एक कॉर्कच्या पट्टीवर मूळ लांबीला टाचण्यांनी बसवून दोन्ही टोकांना दोरा बांधतात, मग २० मिलिलिटरच्या ऑर्गन बाथमध्ये (रिंगर भरलेल्या काचेच्या नळीत) टांगतात. हवेचे बुडबुडे पुरेत. १ ग्रॅम भार, लिव्हरची वाढ ५ ते ७ पट. स्थिरावायला ३० ते ४५ मिनिटे द्यावी लागतात, आणि याच टप्प्यावर घाई होते. टॉनिक तंतू टांगल्या टांगल्या हळूहळू लांबत राहतो. रेघ सपाट होण्याआधी पहिली मात्रा दिली तर प्रत्येक उंचीत ती घसरण मिसळते. एका आवर्तनाला ५ मिनिटे: ३० सेकंद पायारेघ, ९० सेकंद औषधाचा संपर्क, मग धुणे आणि विश्रांती. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणातून ०.२ मिलिलिटर घातले तर बाथमध्ये २ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पुढची मात्रा ०.४, मग ०.८ मिलिलिटर.

९० सेकंदांत वक्र शिखरावर पोचलेला नसतो, तरीही तिथेच धुवायचे असते. कारण सगळ्या मात्रांना तोच वेळ दिला की उंच्या एकमेकींशी तोलता येतात. शिखराची वाट पाहिली तर ग्राहक सुस्तावतात आणि पुढची मात्रा कमी दिसते. एकदा ९० आणि एकदा १२० सेकंद दिलेला आलेख टाकून द्यावा, दुरुस्त करत बसू नये. धुतल्यावर रेघ मूळ जागी परत येत नसेल तर स्नायू बिघडलेला नाही. टॉनिक तंतूचा तो स्वभावच आहे. लिव्हरला हलका जास्तीचा भार देऊन रेघ खाली आणायची आणि पुढच्या मात्रेआधी काढायची. इसेरिन घातले तर अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारे विकर कोलीनएस्टरेज थंड पडते आणि स्नायू खूपच संवेदनशील होतो. मग मात्रा कमी घ्याव्या लागतात. ट्युबोक्युरारीन (ग्राहक अडवणारे औषध) वक्र उजवीकडे सरकवते. अ‍ॅट्रोपिनचा परिणाम होत नाही, कारण ते मस्कॅरिनिक ग्राहक अडवते आणि इथला ग्राहक निकोटिनिक आहे. ही परीक्षेत नेहमी विचारली जाणारी जागा आहे.

एक सापळा विशेष करून बी.फार्मच्या प्रकल्पांत दिसतो: कोकम, काजूची पाने वगैरे वनस्पतींचा अर्क रेक्टसवर घालायचा आणि आकुंचन आले की ‘कोलिनर्जिक क्रिया’ लिहायची. वनस्पतींच्या अर्कात पोटॅशियम भरपूर असते. समजा अर्कात ते २०० मिलिमोल आहे आणि तुम्ही १ मिलिलिटर अर्क २० मिलिलिटर बाथमध्ये घातला, तर बाथचे पोटॅशियम २ वरून ११ मिलिमोलच्या पुढे जाते, म्हणजे पाचपटींहून जास्त. टॉनिक तंतूंना एवढे बाधू शकते. शिवाय कोकमाचा अर्क आंबट; सामू न बदलता घातला तर त्याचा स्वतःचा परिणाम वेगळाच. तपासणी सोपी आहे: आधी ट्युबोक्युरारीन द्या. आकुंचन थांबले तर निकोटिनिक ग्राहकाचे. तसेच राहिले तर पोटॅशियम किंवा आणखी काही. शिवाय अर्काइतकेच पोटॅशियम क्लोराइड घातलेला कंट्रोल एकदा तरी चालवा.

तापमानाबद्दल बोलायलाच हवे, कारण आकडे जुळत नाहीत अशी तक्रार बहुतेक तिथून येते. परदेशी शोधनिबंधांतले आकडे बरेचदा ० ते २० अंशांचे असतात. गोव्यातल्या ताळगावच्या किंवा बांबोळीच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन नसेल तर मे महिन्यात पाणी ३० च्या वर जाते. दर १० अंशांनी झटक्याचा वेग साधारण दोन ते तीन पटींनी बदलतो. थंडीत झटका लांबतो आणि टिटॅनस कमी वारंवारतेला जुळतो. उन्हाळ्यात तोच स्नायू लवकर सैल होतो, म्हणून ३० पल्सलाही दातेरी राहू शकतो. ४० अंशांच्या वर गेले की हीट रिगर (उष्णतेने स्नायू ताठर होणे) येते, तिथून परत फिरता येत नाही. आलेखाखाली तापमान न लिहिलेले मोजमाप कशाशीच जोडून पाहता येत नाही.

आता प्रत्यक्ष बेडूक. पावसाळ्यात शेतातून पकडून आणण्याचा विचार कुणी करू नये. भारतीय बुलफ्रॉगला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे, आणि हॉटेलात ‘जंपिंग चिकन’ म्हणून जे विकले जाते ते बेकायदा आहे. यूजीसीच्या २०११ आणि २०१४ च्या सूचनांनंतर प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गांतून विच्छेदन गेले. फार्मसीतही रेक्टसचा बायोअ‍ॅसे आता मुख्यतः संगणकावर शिकवतात, त्यात एक्स-फार्मसारखी सॉफ्टवेअर आली. माझे मत: बेडूक वाचतो हे उत्तमच, आणि मात्रा-उंचीचा वक्र समजण्यासाठी सॉफ्टवेअर पुरेसे आहे. पण त्यात पायारेघ सरकत नाही, स्नायू थकत नाही, ओल्या कॅल्शियम क्लोराइडची शिक्षा मिळत नाही. म्हणून पडद्यावर उंची वाचताना स्वतःला विचारत जा: इथे खरा स्नायू असता तर ही रेघ कुठे बिघडली असती? शिक्षकांनी मुद्दाम बिघडवलेले जुने आलेख जमा करून दाखवले तर चार तासांचे काम अर्ध्या तासात होते.

थकव्याची चाचणी वाचतानाही जात लक्षात ठेवा. सायॅटिकला सतत उद्दीपन देऊन गॅस्ट्रोक्नेमियस थकला की उंची पडते. तिथेच स्नायूला थेट, जास्त रुंद पल्स द्या, आकुंचन परत येते. म्हणजे आधी थकला तो चेता-स्नायू सांधा, स्नायू नव्हे. ही गोष्ट ट्विच तंतूची. टॉनिक तंतूला थेट पल्सने झटका मिळायचा नाही, कारण अ‍ॅक्शन पोटेन्शियल तयार करणारी यंत्रणा त्याच्याकडे नाही. गंमत अशी की त्याची चेता तोडली तर काही दिवसांनी टॉनिक तंतू अ‍ॅक्शन पोटेन्शियल द्यायला शिकतो. मिलेडी, स्टेफानी आणि स्टाइनबाख यांनी १९७१ मध्ये हे दाखवले. म्हणजे ही क्षमता तंतूत नसते असे नाही, त्याची चेता ती दाबून ठेवते.

माणसात यातले काही उरले आहे का, असे पुढे विचारतात. हातापायांत नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत अनेक ठिकाणी चेता असलेले, टॉनिक वळणाचे तंतू आहेत, आणि त्यामुळेच सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारे विध्रुवक औषध) दिल्यावर बाकी स्नायू लुळे पडताना डोळ्याचे स्नायू काही काळ आखडून राहतात. डोळ्यातला दाब वाढण्याचे हे एक कारण मानतात. स्नायू-चातीतल्या (स्नायूची लांबी जाणवणाऱ्या अवयवातल्या) काही तंतूंतही तसाच गुण आहे. कोंबडीच्या मानेतला बायव्हेन्टर सर्व्हिसिस दोन्ही जातींचा असल्यामुळे त्यावर औषध विध्रुवक (पटल विभव घसरवणारे) आहे की स्पर्धक (ग्राहक नुसता अडवणारे), हे एकाच आलेखात कळते: विध्रुवकाने झटके बंद पडतात आणि पायारेघ वर उचलली जाते, ट्युबोक्युरारीनसारख्या स्पर्धकाने झटके बंद पडतात पण रेघ जागची हलत नाही.